क्लायंटच्या सासूबाईंसाठी सारांश

"मुकी नाही हो ती. इंग्लिश मीडियमची आहे."

प्लायवूडच्या पलीकडून सरांचा आवाज आला. मला ऐकू जाणार नाही असा त्यांचा समज होता. वास्तविक त्या पार्टिशनमधून पलीकडच्यानं चहात चमचा फिरवला तरी कळायचं.

"मग मी नमस्कार केला तर नुसती मान काय हलवली तिनं?" कुणा बाईंचा आवाज.

"तिकडं तसंच असतंय. कॉन्व्हेंटचं वळण. पण टायपिंग बघा तुम्ही तिचं. ऐका, ऐका."

मी नेमकी त्याच वेळी थांबले होते. पलीकडे दोघंही शांतपणे ऐकत बसले. शेवटी मलाच अवघडल्यासारखं झालं आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी ए पासून झेडपर्यंत सगळी अक्षरं वेगात टाइप केली. दोनदा.

"काय स्पीड आहे!" बाई म्हणाल्या.

अशी माझी आणि त्यांची ओळख झाली. त्या आमच्या एका क्लायंटच्या सासूबाई होत्या. क्लायंट अमेरिकेत, सासूबाई सांगलीत, आणि मध्ये मी.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, पहिल्या मजल्यावर, सरांचं व्यक्तिमत्त्व विकास केंद्र होतं. बोर्डवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द केंद्राच्या नावापेक्षा मोठा होता आणि त्याखाली लाल अक्षरांत 'ई-मेलद्वारे घरबसल्या मार्गदर्शन'. सरांनी आधी विमा विकला होता, मग पाण्याचे फिल्टर. मग पुण्याच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर करून आले ते टाय बांधूनच. तेव्हापासून ते कुणालाही विद्यार्थी म्हणत नसत. "विद्यार्थी फळ्याकडं बघतो," ते म्हणायचे, "क्लायंट आरशाकडं बघतो." याचा अर्थ मी कधी विचारला नाही. खालचे हळदवाले मात्र त्यांना शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणत राहिले, आणि सरांचा चेहरा दर वेळी तेवढाच पडायचा.

लांबून मार्गदर्शन करण्याची कल्पना मात्र खरोखरच सरांची होती, ते श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी हेरलं होतं की सांगली-साताऱ्यात दर तिसऱ्या घरातला मुलगा पुण्यात, बंगळूरला नाही तर अमेरिकेत संगणकावर बसलेला आहे. मुलगा हुशार, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. त्याला सांगलीला यायला वेळ नाही. मग सर त्याच्याकडे जाणार, तारेतून.

अडचण एवढीच होती की सरांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं आणि संगणकाला ते हात लावत नसत. ते खोलीत फेऱ्या मारत मजकूर सांगायचे.

"लिहा. घाबरायचं न्हाई. वाघासारखं आत शिरायचं. बाकी तुम्ही बघा इंग्लिशमध्ये."

बाकी म्हणजे दोन पानं.

तर मी ती दोन पानं लिहायचे. सिटी बसमध्ये 'थांबवा' असं मोठ्यानं म्हणता येत नाही म्हणून एक स्टॉप पुढे उतरून मागे चालत येणारी मुलगी बंगळूरच्या इंजिनिअरांना मीटिंगमध्ये आवाज कसा लावायचा ते शिकवत होती. आणि ते शिकतही होते. कारण भित्र्या माणसाला भीतीच्या सगळ्या गल्लीबोळांची माहिती असते. सरांच्या वाघाला ती कुठून असणार? मी लिहायचे, मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोलून टाका, कितीही फालतू असो. उशिरा तोंड उघडलं तर शहाणपणाचं बोलावं लागतं. हे मला पाचगणीच्या शाळेत कळलं होतं. माझे वडील तिथल्या एका बोर्डिंग शाळेत कारकून होते, म्हणून मला तिथं शिकायला मिळालं. माझ्या वर्गातल्या मुलींना सुट्टीत घ्यायला मोटारी यायच्या आणि मी टेकडी उतरून घरी जायचे. तिथं मी उत्तम इंग्रजी शिकले आणि ते कुणासमोर न बोलणंही शिकले. वडील निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीला आलो. दोन भाषांत गप्प बसता येणं एवढीच माझी पात्रता होती, आणि सरांनी ती बरोबर ओळखली.

आमच्या तांत्रिक बाजूविषयी थोडं सांगायला हवं. खंडेनवमीला सरांनी मोडेमला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. खालच्या मजल्यावर हळदीची पोतीच होती, त्यामुळे हळदीला तोटा नव्हता. ती कीबोर्डच्या स्पेस बारखाली गेली आणि पुढचे चार दिवस सरांचं मार्गदर्शन दोन शब्दांमध्ये जागा न सोडता गेलं. बंगळूरच्या एका क्लायंटनं उत्तर दिलं की सरांचे विचार अतिशय सलग असतात. सरांनी ते वाक्य फ्रेम करायला टाकलं.

फोनची लाइन आमची आणि हळदवाल्यांची एकच होती. मोडेम किंचाळायला लागला की ते खालून रिसीव्हर उचलायचे.

"आवं मास्तर, तुमचं यंत्र रडाय लागलंय की! जरा गप करा त्याला, मला भाव इचारायचाय."

कनेक्शन तुटायचं. मी परत लावायचे. ते परत उचलायचे.

साताऱ्यातही आमची शाखा होती. शाखा म्हणजे सरांच्या मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल. तिथं क्लायंटनी येऊन आपापली मेल घेऊन जायची. आमचा फोन बंद असला की सर मजकुराची प्रिंट काढायला लावायचे, ती पाकिटात घालायचे, पाकिटावर 'ई-मेल, अर्जंट' असं लिहायचे आणि स्टँडवर जाऊन सातारा गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. तीन तासांत पोचायची. खरं सांगायचं तर मोडेमपेक्षा भरवशाची होती.

हे सगळं मी हसतच बघत होते, आतल्या आत. मग सासूबाई आल्या.

त्या एका महिला मंडळाच्या माजी अध्यक्ष होत्या आणि माजी झालो आहोत हे त्यांनी मान्य केलेलं नव्हतं. त्यांचा मुलगा अमेरिकेत. वर्षापूर्वी तासगावची मुलगी करून घेतलेली, बेदाण्याच्या शेडवाल्यांची. मुलगी बी.एस्सी., पण शाळा मराठीतली. तिकडे ती कुणाशी बोलत नाही अशी मुलाची तक्रार होती, म्हणून त्यानं आईच्या सल्ल्यानं तिला आमच्याकडे लावलं होतं. आठवड्याला दोन मेल तिच्या, दोन आमच्या. मेल इंग्रजीतच लिहायची, सरावासाठी.

पहिल्याच दिवशी, ए ते झेड ऐकून झाल्यावर, त्या पार्टिशन ओलांडून माझ्या टेबलाशी आल्या.

"आडनाव काय गं तुझं?"

"आम्ही शिराळ्याचे," मी म्हणाले.

हा माझा जुना उपाय आहे. आडनाव विचारलं की मी गाव सांगते. शिराळा म्हटलं की माणसं ताबडतोब नागपंचमीवर जातात, खरे नाग असतात का, तुम्ही हातात धरलाय का, चावत नाही का, आणि आडनाव राहून जातं. त्याही नागांवर गेल्या. मी मान हलवत राहिले. माझ्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर घरातले देव काढून भिंतीवर दोन तसबिरी लावल्या, हे मी पहिल्या भेटीत कुणाला सांगत नाही. दुसऱ्या भेटीतही नाही.

तासगावच्या मुलीच्या मेल मला आवडायच्या. इंग्रजी मोडकं होतं, पण डोळे शाबूत होते. तिनं लिहिलं होतं, इथं सगळे 'कसे आहात' म्हणून विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. तासगावात कुणी 'बरं हाय का' म्हणून विचारलं तर निदान दहा मिनिटं उभं राहावं लागतं, मग खोटं तरी नीट बोलता येतं. कपडे धुवायच्या खोलीत एक बाई रोज भेटते, तिला काय बोलावं म्हणून मी रोज तेच कपडे परत धुते, असंही एकदा लिहिलं होतं. मी तिला उत्तर दिलं, की रोज एकच वाक्य तयार करा, बाथरूममध्ये नळ सोडून मोठ्यानं म्हणा, म्हणजे घरच्यांना ऐकू जाणार नाही, आणि मग बाहेर जाऊन तेवढं एकच बोला. दुसऱ्या दिवशी दुसरं.

तिचं उत्तर आलं. सर, राग मानू नका, पण हे तुम्ही लिहीत नाही ना? पुरुष नळ सोडून बोलत नाहीत.

मी लिहिलं, कृपया विषयाला धरून राहावे, अभ्यास क्रमांक चार करावा. पण पुढच्या मेलपासून तिनं 'डिअर सर' लिहिणं सोडलं. नुसतं 'हॅलो'.

आता सासूबाईंकडे. त्या दर गुरुवारी यायच्या आणि सरांना विचारायच्या, "आमच्या सूनबाईंची प्रगती काय म्हणते?" सरांनी एके दिवशी मला हाक मारली.

"तिच्या मेल हायत न्हवं प्रिंट काढलेल्या? त्याचा मराठीत अर्ध्या पानाचा सारांश करत चला दर आठवड्याला. काकूंना झेपंल असा."

मी उभीच राहिले. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांनी समजावलं. "घरचे म्हणजेच खरे क्लायंट असतात हो."

त्यांना यात वावगं वाटलं नाही याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं, पुढे वाटेनासं झालं. आमच्याकडे पत्र हे कुणा एकाचं कधी नव्हतंच. मुलाचं पत्र आलं की ते ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं जायचं, मग शेजारी वाचलं जायचं, मग इस्त्रीवाल्याला त्यातला ख्यालीखुशालीचा भाग ऐकवला जायचा. तारेतून आलं म्हणून ते एकटीचं कसं होणार?

पहिला सारांश मी प्रामाणिकपणे केला. त्यात एक वाक्य होतं की संध्याकाळी तिला फार एकटं वाटतं.

"एकटी?" पार्टिशनपलीकडे आवाज चढला. "माझा मुलगा आहे ना तिथं? तो काय फोटो आहे भिंतीवरचा?"

त्या रविवारी त्यांनी फोनवर तिला हेच विचारलं. बुधवारी तिची मेल आली, तिनं लिहिलं होतं, सासूबाईंना माझ्या मनातलं कसं कळलं ते समजत नाही. नवऱ्यानंच सांगितलं असणार. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तिच्या मनात आमच्या केंद्राविषयी शंकाही आली नव्हती. मी तिला खरं काय ते एका ओळीत कळवू शकले असते. सर काही वाचणार नव्हते, पाठवलेल्या मेल कुठं दिसतात हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. पण माझ्याच्यानं झालं नाही. धीर कसा करावा यावर मी आठवड्याला दहा-बारा पानं लिहीत होते, आणि ही एक ओळ लिहायचा धीर मला होत नव्हता. मग भित्री माणसं जे करतात ते मी केलं. खोटं बोलायला लागले, तेही लेखी.

पुढच्या गुरुवारच्या सारांशात सूनबाईंनी गॅलरीत कुंडीत तुळस लावली. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांना सासूबाईंच्या हातच्या आमटीची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. मग त्या रोज तिन्हीसांजेला दिवा लावू लागल्या. मूळ मेलमध्ये मात्र ती गाडी चालवायला शिकत होती आणि कपडे धुवायच्या खोलीतल्या बाईशी तिची चक्क मैत्री झाली होती.

सासूबाई विरघळल्या. "अगदी आमच्या वळणाची झाली हो," म्हणून त्यांनी सारांश महिला मंडळात वाचून दाखवला. परिणाम असा झाला की पुढच्या पंधरवड्यात आणखी तीन सासवा चौकशीला आल्या. एकीची सून कॅनडात, दुसरीची नाशिकला आणि तिसरीची त्याच घरात वरच्या मजल्यावर. सर हर्षानं फेऱ्या मारायला लागले.

"बघा, आपला अंदाज चुकला हुता. आपलं मार्केट इंजिनिअरांचं न्हाईच. सासवांचं हाय!"

वरच्या मजल्यावरच्या सुनेलासुद्धा मेल करायचं ठरलं. तिच्याकडे संगणक नव्हता, म्हणून प्रिंट सासूबाईच जिन्यानं वर नेऊन देणार होत्या.

इकडे तासगावच्या मुलीच्या मेलमध्ये एकच विषय चालू झाला होता. तिला तिथल्या कॉलेजात प्रयोगशाळेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता. प्रवेश मिळाल्यात जमा होता. नवरा हो म्हणाला होता, पण आईशी तूच बोल, मला मध्ये घेऊ नको, असं त्याचं म्हणणं. आणि सासूबाई दर रविवारी फोनवर गोड बातमीची चौकशी करत होत्या. तर त्यांना सांगायचं होतं की दोन वर्षं शिकणार आहे आणि मूल त्यानंतर. तिला हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, आधी दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. कळलं तर फोनवर रडारड होईल, नवरा त्या रडण्यापुढे टिकणार नाही, आणि प्रवेश घ्यायची मुदत निघून जाईल. त्याला मी ओळखते, तिनं लिहिलं होतं, तो चांगला आहे, पण आई रडायला लागली की तो सहावीत जातो.

तीन आठवडे आम्ही तिचं वाक्य तयार करत होतो. वाक्य मराठीच होतं, इंग्रजी लिपीत लिहिलेलं. मी त्यातला 'जर तुमची हरकत नसेल तर' हा भाग काढून टाकला. तिनं तो परत घातला. मी परत काढला. शेवटी उरलं ते असं, 'आई, मी दोन वर्षं कॉलेजात जाणार आहे, मुलाचा विचार त्यानंतर करू, आणि हे तुम्हाला मीच सांगायचं ठरवलं.' तिनं कळवलं की नळ सोडून म्हणून झालं, नळ बंद करूनही म्हणून झालं, गाडीत काचा वर करून म्हणून झालं. या रविवारी फोनवर बोलणार.

ती मेल बुधवारी आली. आणि गुरुवारी सासूबाई नेहमीपेक्षा तासभर आधी आल्या.

चूक माझी होती. त्याच्या आधीच्या सारांशात मी सूनबाईंना दुपारच्या जेवणाला पुरणपोळी करायला लावली होती. वार हवा म्हणून कॅलेंडरवर एक मोकळासा दिवस बघितला आणि टाकला. त्या चौकटीत बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, पण आमच्या घरात कॅलेंडर दूध आणि गॅसची नोंद करायला असतं, बाकीचं कुणी वाचत नाही.

"सर, संकष्टी होती त्या दिवशी," सासूबाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "आमच्या घरातली सून संकष्टीला भरदुपारी पुरणपोळी हाणते?"

"तिकडं दिवस उलटा असतोय ना, काकू," सर म्हणाले. "आपली दुपार म्हणजे त्यांची..."

"चंद्र एकच आहे ना? मी काल रात्री मुद्दाम फोन लावून विचारलं तिला. ती म्हणते, कुठली पुरणपोळी? तुळशीचं विचारलं, तर म्हणे कुठली तुळस? तीन वेळा तिनं 'कुठली' म्हटलं मला. तेव्हा आता मला सारांश नको. मूळ कागद द्या. माझा भाचा आहे बँकेत, इंग्रजी फाडफाड वाचतो. आज संध्याकाळी बसून सगळं वाचून घेते."

"घेऊन जावा की! त्यात काय एवढं?" सरांना हायसं वाटलं. त्यांनी पार्टिशनवर टकटक केली. "ती तासगावची फाइल आणा बरं इकडं."

फाइल माझ्या टेबलावरच होती. हिरवी. बुधवारची मेल सगळ्यात वर लावलेली. वरचा एकच कागद काढून ठेवावा असं क्षणभर मनात आलं, पण खालच्या सगळ्या कागदांतही कॉलेज होतंच, गाडी होती, मूल होतं, सहावीतला नवरा होता. मी फाइल उचलली, छातीशी धरली आणि पार्टिशन वळून पलीकडे गेले.

तेवढ्यात हळदवाले जिना चढून वर आले. "मास्तर, सकाळधरनं फोन लागंना. तुमचं यंत्र लाइन धरून बसलंय जनू." मग खोलीतली शांतता बघून दारातच थबकले. "काय झालं?"

"काही नाही, कागद द्यायचेत काकूंना," सर म्हणाले. "द्या हो."

सासूबाईंनी हात पुढे केला. मी फाइल दिली नाही. काही विशेष केलं असं नाही, नुसते हात हलले नाहीत. सरांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य मोठ्यानं, सुटं सुटं करून म्हटलं, बहिऱ्याशी बोलतात तसं.

"काय गं," सासूबाई माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "ते सारांश तूच लिहायचीस ना? पुरणपोळीचं कुठल्या पत्रात आहे, दाखव मला."

मी फाइल आणखी घट्ट धरली.

"कुणाच्या घरची आहे हो ही? संकष्टी माहीत नाही हिला?"

"तिला काय विचारताय काकू, तिची भाषेची अडचण आहे जरा," सर घाईघाईनं म्हणाले. "मराठीत गडबडते. तुम्ही फाइल घ्या, बाकीचं मी बघतो. त्या मेल सगळ्या मी स्वतः हाताळलेल्या आहेत, पर्सनली. प्रत्येक शब्द माझा आहे. आणा ती इकडं." त्यांनी फाइलच्या एका कोपऱ्याला धरलं.

मी दुसरा कोपरा सोडला नाही. फाइलचा पुठ्ठा मधे वाकला. तोंडात जीभ नावाची कुणाची तरी परकी वस्तू ठेवल्यासारखी वाटत होती. नोकरी जाणार हे कळत होतं. सांगलीत इंग्रजी टायपिंगच्या दुसऱ्या नोकऱ्या नव्हत्या हेही कळत होतं. दाराशी उभं राहून सगळं सांगलीभर करायला हळदवाले होतेच. मी पहिलं वाक्य जुळवायला लागले, ते इंग्रजीत आलं, ते टाकून दिलं.

"बोलायची नाही ती," सर सासूबाईंना म्हणाले. "लाजाळू आहे."

"आवं, बोलंल की पोरगी," हळदवाले दारातून म्हणाले. "तुमी जरा गप ऱ्हावा की मास्तर. तोंड उगडलंय तिनं."

तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काकू," मी म्हणाले, "ही पत्रं तुम्हाला लिहिलेली नाहीत. सरांनाही नाहीत. ती मला लिहिलेली आहेत, त्यांची सगळी उत्तरं मी दिलेली आहेत, आणि ही फाइल मी कुणालाही देणार नाही. तिला तुम्हाला जे सांगायचंय ते ती रविवारी फोनवर स्वतः सांगेल. तेव्हा तिला मध्ये न तोडता ऐका."